नायट्रोजनच्या टाकीतली आक्का

दोन्ही हात मशीनला जोडलेले असताना नाकाला खाज सुटली की माणसाच्या संयमाची वाट लागते. माझ्याकडे तो मुळातच कमी. एका हातातून रक्त बाहेर जात होतं, मशीनमध्ये गरगर फिरत होतं, त्यातलं हवं तेवढं बाजूला काढून उरलेलं दुसऱ्या हातातून परत येत होतं, आणि मी खाटेवर आडवी पडून ओरडत होते, "अगं, नाक! नाक खाजव माझं!"

माझी भावजय शेजारी स्टुलावर बसून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. ती दचकून उठली. "कुठं, वन्सं? डावीकडं का उजवीकडं?"

"कुठंही! खाजव आधी!"

तिनं इतकं हळुवार खाजवलं की गुदगुल्याच झाल्या. मला हसू आलं, हात हलला, मशीन टूंटूं करून बोंबलायला लागलं आणि नर्स धावत आली. "आंटी, हिलना नहीं." आंटी! एरवी तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण हात अडकलेले, करणार काय? गप्प पडून राहिले. वर स्टँडला एक छोटी पिशवी लटकत होती आणि तिच्यात टोमॅटोच्या साराच्या रंगाचं काहीतरी थेंबाथेंबानं साठत होतं. ते नीट साठलं तर माझा भाऊ जगणार होता.

मी रागीट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. द्वारकेच्या आमच्या सोसायटीतला वॉचमन, गुरुग्रामच्या ऑफिसातली माझी टीम, माझी स्वतःची मुलं, कुणीही सांगेल. धाकटा भाऊ अगदी उलट. फौजेत हवालदार. बर्फात राहून आला, वाळवंटात राहून आला, पण आवाज कधी चढला नाही. मी शिकायला गावाकडनं पुण्याला गेले, नोकरीच्या मागं दिल्लीला आले, आणि इतक्या वर्षांनी त्याची बदली दिल्ली कॅन्टोन्मेंटला झाली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. माझ्या घरापासून गाडीनं जेमतेम अर्धा तास! दर रविवारी तो, भावजय आणि मुलं माझ्याकडे जेवायला. त्याची मुलं नि माझी मुलं आपसात हिंदीत बोलायची आणि आम्ही दोघं गावाकडच्या मराठीत त्यांना शिव्या घालायचो. मजेत चाललं होतं.

मग त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. जिना चढताना धाप लागायला लागली. ज्या माणसानं पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढलेत, तो माझ्या पहिल्या मजल्यावर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. तपासण्या झाल्या. ब्लड कॅन्सर.

पहिल्या औषधांनी रोग दबला. पण डॉक्टर म्हणाले, दबलाय, गेलेला नाही. पुन्हा डोकं वर काढणार. कायमचा घालवायचा तर एकच उपाय. आपल्या हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. भावाच्या त्या पेशीच बिघडलेल्या. त्या जबर औषधानं पार जाळून टाकायच्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी चांगल्या पेशी सोडायच्या. मात्र त्या जुळल्या पाहिजेत. माझी तपासणी झाली. निकाल आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. फोन कानाला लावला आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, "जुळलं!" बॉस म्हणाला, "क्या जुळलं?" मी म्हटलं, "मैच हो गया!" त्याला वाटलं मुलीचं लग्न ठरलं. माझ्या लग्नाच्या वेळी पत्रिका कुणाशी धड जुळत नव्हती म्हणून आईनं डोक्याला हात लावला होता, आणि इथं रक्त जुळलं होतं, तेही पूर्णच्या पूर्ण. त्या दिवशी मी कुणावरही चिडले नाही.

पण डॉक्टरांनी एक निराळंच काढलं. म्हणाले, आत्ता डेंग्यूचे दिवस आहेत. एकदा त्याच्या पेशी जाळल्या की मागे फिरता येत नाही. त्याच वेळी डोनर आजारी पडली तर आपण काय करणार? त्यापेक्षा तुमच्या पेशी आधीच काढू, गोठवून ठेवू, आणि त्या हातात आहेत म्हटल्यावरच त्याचं जबर औषध सुरू करू.

"मी काय लोणचं आहे का, घालून ठेवायला?" मी म्हटलं. डॉक्टरांना विनोद कळला नाही, किंवा त्यांनी कळू दिला नाही. भाऊ तेवढा हसला. म्हणाला, "ठेवायचं तर ठेवा, सर. पण वेळ आली की आक्काकडनं ताजंच घेऊ."

"देखते हैं," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी मान डोलावली. खरी मेख तिथंच होती, आणि कुणाच्या ध्यानात आली नाही.

तर अशी मी मशीनवर पोचले. त्याआधी रोज इंजेक्शनं झाली. त्यांनी मूळ पेशी हाडांतून निघून रक्तात येतात म्हणे. हाडं अशी ठणकली की लाटणं हातात धरवेना. पण संध्याकाळी मशीन थांबलं, पिशवी भरली, लॅबमधल्या डॉक्टर बाई येऊन घेऊन गेल्या, आणि मला राणीसारखं वाटलं. "एवढीशीच?" भावजय पिशवीकडे बघत म्हणाली. मी म्हटलं, "माल भारी आहे!"

पुढे सगळं फिसकटलं. भावाच्या छातीत जंतुसंसर्ग झाला, ताप हटेना. तो बरा होईपर्यंत मोठं औषध द्यायचं नाही असं ठरलं. तो एकदाचा बरा झाला, तर मी पडले. डेंग्यू! डॉक्टरांच्या तोंडाला आग लागो, असं मी तापात बडबडले असं नवरा सांगतो. प्लेटलेट घसरल्या, डोळे उघडवेनात. मी उठून बसले तेव्हा हवा बदललेली होती, दिल्लीचं ते धुरकट आभाळ सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता काही महिने तुमच्याकडून पुन्हा पेशी घेता येणार नाहीत. हरकत नाही, पिशवी आहे. उद्यापासून भावाचं औषध सुरू करू.

आणि भाऊ म्हणाला, "नाही."

भावजयीचा फोन आला. "वन्सं, हे ऐकत नाहीत. म्हणतात, आक्का बरी होऊ द्या, थांबतो. डॉक्टर म्हणतात, थांबलं तर रोग परत उठंल. मी काय करू?" ती रडत होती. मी अंगात ताकद नसताना गाडीत बसले आणि नवऱ्याला म्हटलं, चल.

हॉस्पिटलात भाऊ खाटेवर मांडी घालून बसला होता. डोक्यावर केस नाहीत, मिशी नाही, आणि चेहऱ्यावर तीच थंड शांती. मी तोंडावर मास्क लावून दारापाशीच उभी राहिले.

"काय लावलंयस हे?" मी म्हटलं.

"आक्का, तू बस आधी. पाय कापतायत तुझे."

"माझ्या पायांचं सोड. का नाही म्हणतोस?"

त्यानं पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. मग म्हणाला, "मी ग्लेशियरवर होतो तेव्हा माझ्या एका जोडीदाराची बोटं गोठली. आधी पांढरी झाली, मग काळी. डॉक्टरांनी ऊब दिली, औषधं दिली, सगळं केलं. शेवटी कापावी लागली. मी डोळ्यांनी बघितलंय. गोठलेलं परत येत नाही."

"अरे, हे वेगळं असतं."

"काय वेगळं? मांस ते मांस, रक्त ते रक्त." त्याचा आवाज तसाच खालच्या पट्टीतला. "दर जानेवारीत आपण पानिपतला जातो की नाही? काला अंबच्या स्मारकापाशी सगळे उभे राहतात, लढाईच्या गोष्टी सांगतात. मला तिथं लढाई आठवत नाही, उपाशी माणसं आठवतात. मागची रसद तुटली की कितीबी शूर असा. हे लोक माझ्या हाडांतलं सगळं जाळणार. त्यानंतर माझ्याकडं स्वतःचं काही नाही. एक ती पिशवी. आणि ती मेलेली निघाली तर?"

 आता पहिल्यांदा मलाही भीती वाटली. कारण तो घाबरट नाही. तो विचार करून बोलतो. आणि खरंच, ती पिशवी मेलेली निघाली तर? माझ्या पेशी कुठल्या तरी टाकीत पडल्यात आणि त्या जिवंत आहेत हे मला तरी कुठे माहीत होतं? मी कधी बघितलं होतं?

मला धास्ती वाटली की तिचा राग होतो, ही माझी जुनी खोड. लिफ्टची वाट न बघता मी जिना उतरले आणि तळमजल्यावरच्या लॅबच्या दारावर थाप मारली. त्याच डॉक्टर बाईंनी दार किलकिलं केलं. "जी?"

"मुझे मेरी थैली देखनी है," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, असं आत येता येत नाही. मी म्हटलं, मी बाहेर उभी राहते, पण दाखवा. माझं रक्त आहे. माझ्या भावाला वाटतंय की ते मेलंय, आणि तो मरायला तयार झालाय. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मला वाटलं, आता सिक्युरिटीला बोलावतील. त्या म्हणाल्या, "काँच के पास खड़ी रहिए," आणि आत गेल्या.

मी काचेला नाक लावून उभी राहिले आणि भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या मागे भावजयीचा चेहरा दिसत होता. डॉक्टर बाईंनी दाराच्या फटीतून मला समजावून सांगितलं, मी त्याला मराठीत सांगत गेले. तुझ्या जोडीदाराची बोटं गेली कारण पाण्याचा बर्फ झाला, त्याचे काचेसारखे टोकदार तुकडे झाले आणि त्यांनी आतून सगळं फाडलं. इथं आधी एक औषध मिसळतात, ते असा टोकदार बर्फ होऊ देत नाही. मग मशीन हळूहळू, ठरलेल्या वेगानं थंड करतं, आणि त्यानंतर पिशवी टाकीत जाते. पिशवीसोबत दोन-तीन चिमुकल्या कुप्याही गोठवलेल्या असतात, नंतर तपासायला. त्यातली एक त्यांनी आदल्याच दिवशी वितळवून तपासली होती. स्क्रीनवर तिचं चित्र दाखवलं. निळा रंग टाकलेला; मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही, पांढरी चमकत राहते.

मी मोबाईल काचेला चिकटवला. "बघ! सगळ्या चमकतायत!"

"निळ्या किती?" तो म्हणाला. फौजी तो फौजी.

"आहेत थोड्या. एवढ्यातेवढ्या मरायच्याच. बाकीच्या बघ की!"

तो बघत राहिला. मग म्हणाला, "आक्का, स्क्रीनवर काय, पिक्चरमध्ये मेलेली माणसंबी उठून गाणी म्हणतात."

मी हात टेकले. डॉक्टर बाईंना काय कळलं कोण जाणे. त्यांनी तोंडावर जाड काचेचा मुखवटा चढवला, कोपरापर्यंतचे हातमोजे घातले आणि कोपऱ्यातल्या मोठ्या टाकीचं झाकण उचललं. आतून पांढरा धूर उसळला, काठावरून खाली ओघळला आणि फरशीवर पसरत गेला.

मी बघतच राहिले. हा धूर मी बघितला होता! एकदा नाही, लहानपणी कितीदा तरी, आमच्या गोठ्यासमोर.

"ए, ऐक!" मी किंचाळले. "आबांची तांबडी जर्सी आठवते का?"

"आं? कोण?"

"गाय रे! गुरांचे डॉक्टर फटफटीवर यायचे, मागं कॅन बांधून. झाकण उघडलं की असाच धूर यायचा. बघ, बघ हा! तसाच आहे का नाही?"

त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला.

"त्या कॅनमध्ये काय असायचं?" मी विचारलं.

"आक्का, इथं माणसं आहेत."

"असू देत! काय असायचं?"

"कांडी," तो पुटपुटला.

"कसली कांडी?"

"आक्का!"

"वळूची! तो वळू कुठला, आपलं गाव कुठलं. त्याचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं आपल्या गाईनं. त्याचं बी गोठवून कॅनमधनं यायचं. कधीचं गोठवलेलं, कुणाला ठाऊक! आणि कोमट पाण्याचा तांब्या घेऊन डॉक्टरांच्या शेजारी कोण उभं असायचं?"

"मी."

"डॉक्टर कांडी त्या पाण्यात धरायचे. आणि मग काय झालं?"

"गाय गाभण राहिली."

"मग?"

"कालवड झाली."

"मेलेली झाली का?"

"नाही." आता त्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते.

"तिचं दूध कोण प्यालं? तालमीतनं आला की तांब्याच्या तांब्या कोण रिचवत होतं? भरतीला पळायला ते पाय कुठनं आले तुझे? गोठवलेल्या कांडीतनं आले! त्या दुधावर फौजेत गेलास, बर्फात जाऊन उभा राहिलास, आणि आज मला तोंड वर करून सांगतोस, गोठलेलं परत येत नाही?"

तो हसायला लागला. किती महिन्यांनी! आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग पुन्हा हसू. भावजय लाजून ओढणीत तोंड लपवत होती आणि तिचंही अंग गदगदत होतं. "म्हणजे आता मी जर्सी गाय का?" तो म्हणाला.

"गाय नाहीस, बैल आहेस! घेतोस का नाही ती पिशवी?"

"घेतो."

"मोठ्यानं बोल!"

"घेतो, आक्का. चालू करा म्हणावं."

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. डेंग्यूनं पिळून काढलेलं अंग, त्यात एवढी आरडाओरड. डॉक्टर बाई मुखवटा वर करून बाहेर आल्या, त्यांना वाटलं मला घेरी आली. "क्या हुआ? क्या बोला आपने?" आता त्यांना हिंदीत कसं सांगायचं? कशीबशी सांगितली गाय, सांड आणि नळी. कान गरम झाले माझे. त्या मात्र जराही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सही तो बोला आपने. दवा अलग होती है, बाकी वही विज्ञान है." मग म्हणाल्या, "यह उदाहरण मैं भी इस्तेमाल करूँगी." मी म्हटलं, बिल्कुल करा, फुकट आहे.

भावाचं मोठं औषध सुरू झालं. ते संपल्यावर ठरल्या दिवशी सकाळी टाकीतली पिशवी एका छोट्या धुराच्या डब्यातून त्याच्या खोलीत आली. मी आणि भावजय बाहेर, काचेपलीकडे. पिशवी कोमट पाण्यात ठेवली. आधी ती विटेच्या तुकड्यासारखी कडक होती. बघता बघता कडा सैल झाल्या, मधला गोळा विरघळला आणि तो साराचा रंग पुन्हा दिसायला लागला. मी श्वास धरून बघत होते. डॉक्टर बाई घाई करत होत्या. एकदा वितळली की वेळ घालवायचा नसतो. पिशवी स्टँडला लागली, नळी जोडली, आणि माझं रक्त त्याच्या अंगात उतरायला लागलं.

त्यानं नाक वर करून वास घेतला. आतल्या नर्सला काहीतरी म्हणाला, ती हसली. नंतर कळलं, तो विचारत होता की लसणाची चटणी कोण खाऊन आलंय. पेशी जपणाऱ्या औषधाचाच तो वास. दोन दिवस त्याच्या अंगाला येत होता. पिशवी इतक्या लवकर रिकामी झाली की भावजय माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं?"

"झालं."

"एवढंच?"

मला स्वतःलाही वाटलं होतं, निदान काहीतरी वाजेल.

त्यानंतरचे दिवस मी कुणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणते. त्याच्या पांढऱ्या पेशी शून्यावर आल्या आणि तिथंच बसल्या. तोंड आतून सोलून निघालं. पाणी गिळता येईना, बोलणं बंद. काचेपलीकडून मी हात हलवला की तो एक बोट उचलायचा, कधी तेही नाही. रोज सकाळी भावजय रिपोर्ट सांगायची आणि रोज तेच: "काही नाही अजून, वन्सं." डॉक्टर म्हणायचे, वेळ लागतो, रुजायला वेळ लागतो. आणि माझ्या डोक्यात त्या निळ्या पेशी फिरायच्या. मी ओरडून, हसवून, गाईची गोष्ट सांगून त्याला तयार केलं होतं. तो तर थांबायला बघत होता. आता त्याचं स्वतःचं सगळं जळून गेलेलं, आणि आत मी होते की नव्हते, कुणालाच माहीत नव्हतं. खूप भीती वाटली. इतकी की ऑफिसात मी कुणावर आवाज चढवेना. टीमच घाबरली. एकानं न मागता आलं घालून चहा आणला आणि विचारलं, "मैम, सब ठीक है ना? आप डाँट नहीं रहीं."

फोन आला तेव्हा मी धौला कुआंच्या जॅममध्ये अडकले होते. पुढं बस, मागं टेम्पो, दोन्ही बाजूंना गाड्या, सगळं ठप्प.

"वन्सं! आल्या!"

"कोण आल्या?"

"पेशी! तुमच्या पेशी आल्या! डॉक्टर म्हणाले, थोड्या आहेत, पण आल्या! कालच्यापेक्षा आज जास्त आहेत!" मागून कुणीतरी हसत होतं आणि ती मोठमोठ्यानं रडत होती.

मी काय केलं ते सांगू? मी हॉर्न दाबला. दाबून धरला. शेजारच्या गाडीतल्या सरदारजींनी काच खाली केली. "मैडम जी, उड़ के जाऊँ क्या? आगे जगह कहाँ है?"

"मेरा भाई बच गया!" मी ओरडले. "मेरा भाई बच गया, सरदारजी!"

 मग त्यांनीही हॉर्न दाबून धरला. मागच्या टेम्पोवाल्याला काही कळलं नाही, तरी त्यानंही दाबला. धौला कुआंला त्या दिवशी आमची वरातच निघाली म्हणा ना, जागच्या जागी. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, मनसोक्त रडले, आणि रस्ता मोकळा झाला तरी मला कुणी शिवी दिली नाही. दिल्लीत!

पेशी वाढत गेल्या. तोंड भरून आलं, तो बोलायला लागला, पहिलं वाक्य, "आक्का, मटण कधी?" डॉक्टर म्हणाले, इतक्यात नाही. मिशी आली, आधी लव आणि मग झुबका. हिवाळा सरला, तो घरी गेला, उन्हाळ्यात त्याला कॅन्टोन्मेंटमध्येच हलकी ड्युटी मिळाली. दर खेपेच्या तपासणीत डॉक्टर खूश दिसायचे. एकदा मी बरोबर होते तेव्हा त्यांनी त्याचा रक्तगट पुन्हा तपासायला पाठवला आणि निकाल समोर ठेवून म्हणाले, हा आता बदललाय. बहिणीचा आणि तुमचा आधी वेगळा होता, पेशी जुळायला तो सारखा लागत नाही. पण आता तुमच्या हाडांत जे रक्त तयार होतंय, ते सगळं बहिणीचंच आहे. जुनं थेंबभरही उरलेलं नाही. 

फौजेच्या माणसाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर रक्तगट असतो, कागदोपत्रीही असतो. गरज पडली तर चुकीचं रक्त चढायला नको. म्हणून तिथून आम्ही सरळ त्याच्या युनिटच्या ऑफिसात गेलो. क्लार्क उत्तर प्रदेशचा, मनमिळाऊ माणूस. त्यानं रिपोर्ट वाचला, कॉम्प्युटरवर जुनी नोंद काढली आणि हसला.

"उस्ताद जी, ब्लड ग्रुप थोड़े ही बदलता है. पहले वाला गलत लिखा होगा किसी ने."

माझं डोकं तापलंच होतं, मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ उभा राहिला. एकदम ताठ, परेडवर असल्यासारखा. आणि माझ्या अख्ख्या आयुष्यात मी ऐकला नव्हता असा आवाज त्यानं काढला.

"गलत नहीं था! वो मेरा था, वो खत्म हो गया. ये मेरी बहन का है. ये खड़ी है. लिखो!"

ऑफिसातली सगळी टेबलं थांबली. क्लार्कनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग त्यानं जुना रक्तगट काढून टाकला आणि माझा लिहिला.